डीम्ड म्हणजे डुप्लिकेट का रे भाऊ?

ॲडमिशनचा सीझन आला की आमच्या जळगाव-धुळ्याकडे घराघरात एकच चर्चा चालू होते, पोरगं इथंच ठेवायचं की पुण्याला टाकायचं. त्यात कोणीतरी कॉलेजचं चकचकीत माहितीपत्रक घेऊन येतं, वर मोठ्या अक्षरात संस्थेचं नाव आणि खाली बारीक अक्षरात 'डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी'. यंदा चोपड्याच्या आप्पांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि सरळ विचारलं, "डीम्ड म्हणजे डुप्लिकेट का रे भाऊ?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण हा शब्द एकट्या कॉलेजात नाहीये. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'डीम्ड कन्व्हेयन्स' चालू असतं. लाच घेताना कोणी साहेब सापडले की दोन दिवसांनी पेपरात 'मानीव निलंबन' येतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या तोंडी बढती-ज्येष्ठतेसाठी धरलेला 'मानीव दिनांक' असतो, आणि ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याची जमीन कसली त्यांच्या घरात तर हा शब्द सत्तर वर्षांपासून कागदात बसलेला आहे, फक्त त्यांना माहीत नाही. मराठीत त्याला सरकारने 'मानीव' असं केलंय, त्याने तर गोंधळ वाढलाच, निम्मे लोक तो घाईत 'मानवी' वाचतात.

तर हा शब्द काय आहे, आला कुठून आणि आपल्या खिशाशी त्याचा काय संबंध, ते सांगतो. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या केसचं तुमच्या वकिलालाच विचारा, हे फक्त समजून घेण्यापुरतं.

आधी साधा अर्थ

गल्लीत क्रिकेट खेळताना नियम असायचा, समोरच्या काकूंच्या गच्चीवर बॉल गेला की आऊट. आता नीट बघा, कॅच कोणी घेतलेला नाही, स्टंप पडलेला नाही, उलट पोराने खणखणीत शॉट मारलेला आहे, खऱ्या मैदानात त्याला सिक्स मिळाला असता. पण तो आऊट. का? कारण आधी ठरलंय की असं झालं तर त्याला आऊट धरायचं, आणि 'अरे पण मी आऊट नाहीये' या वादाला जागाच ठेवलेली नाही. डीम्ड म्हणजे एवढंच. एखादी गोष्ट प्रत्यक्षात तशी नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी ती तशीच आहे असं धरून पुढचं सगळं करायचं.

यातल्या दोन गोष्टी पुढे लागणार आहेत. एक, नियम खेळ सुरू व्हायच्या आधी ठरलेला असतो, बॉल गेल्यावर बॉलरने मधेच काढलेला चालत नाही. दुसरं, तो आऊट त्या मॅचपुरताच.

ह्या प्रकाराला वकील मंडळी लीगल फिक्शन म्हणतात, मराठीत कायदेशीर कल्पना. फिक्शन म्हटलं म्हणून खोटेपणा समजू नका, कारण खोटं बोलणारा समोरच्याला फसवतो आणि इथे तर कायदा स्वतःच उघड सांगतोय की बाबांनो हे तसं नाही, पण तसं धरा.

हजार वर्षांपूर्वी हे जजचं काम होतं

इंग्रजीत 'डीम' हे क्रियापद फार जुनं आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं 'डेमन', अर्थ निवाडा करणे, शिक्षा ठोठावणे. निवाडा करणारा तो 'डेमा', म्हणजे न्यायाधीश. आणि जो निवाडा दिला तो 'डोम', त्याचंच आजचं रूप 'डूम'. हो, तोच डूम, 'डूम्सडे'वाला. आज डूम म्हटलं की आपल्याला जगबुडी आठवते, पण मुळात डूम म्हणजे फक्त निकाल, कायदा. डूम्सडे म्हणजे निवाड्याचा दिवस, आता त्या दिवशी बहुतेकांचा निकाल वाईटच लागणार अशी लोकांना खात्री असावी म्हणून हळूहळू शब्दाचाच अर्थ वाईट होऊन बसला.

डूम आणि डीम एकाच घरातले हे कानाला लगेच पटत नाही, पण इंग्रजीत अशा जोड्या आहेत, फूड म्हणजे अन्न तर फीड म्हणजे खाऊ घालणं, ब्लड म्हणजे रक्त तर ब्लीड म्हणजे रक्त येणं. तसंच डूम म्हणजे निवाडा, डीम म्हणजे निवाडा करणं. किंगडम, फ्रीडम, विझडम यांच्या शेपटीला जो 'डम' आहे तोही हाच डोम. पोरं शाळेत फ्रीडम फायटर पाठ करतात त्यात आप्पांचा डीम्ड लपलेला आहे हे मला स्वतःला भारी वाटतं.

आणखी मागे गेलं तर गंमत आपल्या अंगणात येते. भाषेचे अभ्यासक सांगतात की याचं मूळ एका अतिजुन्या धातूत आहे ज्याचा अर्थ 'ठेवणे, स्थापन करणे', आणि संस्कृतात तोच धातू 'धा' म्हणून आला. विधी, विधान, विधेयक, विधिमंडळ, सगळे 'धा'ची पोरं. म्हणजे मुंबईत विधान भवनात जे चालतं त्याचं नाव आणि इंग्रजी डीम हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्याने देशभरातल्या जमिनीची मोजदाद करायला लावली, १०८६ मध्ये ती वही तयार झाली, कोणाची किती जमीन, किती नांगर, किती उत्पन्न. लोकांनी तिला नाव पाडलं 'डूम्सडे बुक'. शंभरेक वर्षांनी रिचर्ड फिट्झनील नावाच्या तिथल्या खजिनदाराने या नावाचं कारण लिहून ठेवलंय, की त्या वहीत जे लिहिलं ते शेवटच्या निवाड्यासारखं, त्यावर अपील नाही. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तराबद्दल लोक अगदी ह्याच सुरात बोलतात, असो.

पण त्याच विजयाने डीमचं नशीब फिरलं. नवे राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, मग कोर्टात फ्रेंच शब्द आले. 'जज' हा शब्द फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन आहे, अर्थ कायदा बोलून दाखवणारा. जजने कोर्टाची खुर्ची घेतली आणि बिचाऱ्या डीमला बाहेर बसवलं. त्याचा अर्थ उरला फक्त 'समजणे, मानणे', आय डीम इट प्रॉपर वगैरे, साहेबी पत्रातला.

एका ठिकाणी मात्र जुनी खुर्ची शाबूत आहे. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधे आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे, तिथल्या वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशांना आजही 'डीम्स्टर' म्हणतात. त्यांची शपथ ऐकण्यासारखी आहे. मैत्री, नातं, लोभ, मत्सर काही मधे न आणता मी दोन्ही बाजूंमध्ये असा न्याय करीन की जसा हेरिंग माशाचा काटा माशाच्या बरोब्बर मधोमध असतो. मच्छीमारांचं बेट, शपथेतही मासाच येणार.

मग हा शब्द कायद्याच्या पुस्तकात कसा परत आला

कोर्टातून बाहेर पडलेला डीम कायदे लिहिणाऱ्यांच्या हाती लागला आणि त्यांना तो एकदम फिट बसला. कायदा लिहिणाऱ्याची अडचण अशी की दुनियेतल्या हजार तऱ्हा तो कागदावर मांडू शकत नाही, आणि प्रत्येक तऱ्हेवर वाद घालत बसलं तर कोर्टात पिढ्या जातील. म्हणून तो आधीच लिहून टाकतो की अमुक झालं तर ते तमुक समजावं. मी तर असं म्हणेन की निवाडा करण्याचं काम डीमने सोडलेलंच नाही, फक्त निवाडा भांडण व्हायच्या आधीच करून ठेवलेला असतो. जज केस ऐकायला बसतो तेव्हा त्या एका मुद्द्यावर निकाल छापून तयार.

हे धरायचं कुठपर्यंत, यावर १९५१ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड ॲस्क्विथ यांनी एक मत दिलं ते वकील आजही घोकतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कायद्याने तुम्हाला एखादी काल्पनिक स्थिती खरी माना असं सांगितलं असेल तर तिच्यातून ओघाने येणारे परिणामही खरे मानावे लागतील, अर्ध्यात येऊन कल्पनाशक्ती अडखळली असं चालणार नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९५३ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याच्या एका केसमध्ये ते उचललं, सोबत हेही पाहायला सांगितलं की ही कल्पना कायद्याने कोणत्या कामासाठी आणि कोणाकोणात केली आहे. गल्लीतल्या आऊटसारखं, त्या मॅचपुरतं.

१ एप्रिल १९५७, आणि खान्देशातली जमीन

आता आपल्या मातीतलं घेतो, कारण डीम्डने खान्देशात जेवढी उलथापालथ केली तेवढी दुसऱ्या कोणत्या इंग्रजी शब्दाने केली असेल असं मला वाटत नाही.

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८. तेव्हा आपण मुंबई राज्यात, जळगाव म्हणजे पूर्व खान्देश आणि धुळे-नंदुरबार म्हणजे पश्चिम खान्देश. जमीन एकाच्या नावावर आणि वर्षानुवर्षं घाम गाळतोय दुसराच, असं गावोगाव होतं. कायद्याचं कलम ४ म्हणतं की दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो तो कूळ मानला जाईल, करारनामा नसला तरी, फक्त तो मालकाच्या घरातला नको, मजुरीवरचा सालदार नको आणि जमीन गहाण घेऊन बसलेला नको. हे झालं मानीव कूळ. सालदार हा शब्द आमच्याकडे आजही रोजचा आहे, त्यामुळे या तीन अपवादांवर किती भांडणं झाली असतील याचा अंदाज तुम्हीच करा, मालक म्हणायचा हा माझा सालदार, कसणारा म्हणायचा मी कूळ.

आणि मग आलं कलम ३२. १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषक दिन' ठरवला, त्या दिवशी प्रत्येक कुळाने आपल्या ताब्यातली जमीन मालकाकडून विकत घेतली असं मानलं जाईल, अर्थात कायद्यातल्या अटी धरून. त्या सकाळी कोणी खरेदीखत केलं नाही, स्टॅम्प घेतला नाही, रुपया दिला नाही, कित्येकांना तर पत्ताही नव्हता. मालक मालकाच्या घरी चहा पीत होता, कूळ शेतात होतं, आणि खरेदी झाली. मालक विधवा असेल, अज्ञान म्हणजे वयात न आलेला असेल किंवा अपंग असेल तर त्या जमिनीची खरेदी पुढे ढकलली, बाकीच्यांची एका तारखेला उरकली.

पण इथेच मेख आहे. खरेदी मानली तरी किंमत ठरायची होती, ती ठरवायची त्याच कायद्याच्या कलम ३२-ग खाली, तहसीलला नोटीस निघायची, कुळाला विचारायचे घेतो का. नको म्हणाला तर खरेदी निष्फळ. हो म्हणाला तर किंमत, हप्ते, आणि सगळे पैसे भरल्यावर ३२-म चं सर्टिफिकेट, ते खरेदीचा निर्णायक पुरावा. आता कित्येकांनी नोटीस घेतली, काहींनी पैसे भरले पण सर्टिफिकेट आणायला गेलेच नाहीत, कारण जमीन आपलीच आहे की, पाऊस पडला की पेरतो आपण. आज नातू विकायला किंवा कर्ज काढायला जातो तेव्हा बाजूचा म्हणतो, "भो, कागद दखाड." मग सुरू होतं तहसीलच्या रेकॉर्ड रूमचं दर्शन.

सातबारा उघडा आणि 'इतर हक्क' च्या रकान्यात बघा, बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं 'कु. का. कलम ४३ च्या बंधनास पात्र'. कु. का. म्हणजे हाच कुळकायदा. त्याचा अर्थ ही जमीन त्या मानीव खरेदीतून आलेली, परवानगीशिवाय विकायची नाही. २०१४ पासून यात सूट आहे, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून विकता येते, घेणारा शेतकरी असायला हवा आणि कमाल जमीन धारणेच्या मर्यादेत बसायला हवा. आकार म्हणजे सातबाऱ्यावरचा जमीन महसूल, तो इतका किरकोळ असतो की ४० पट ऐकून घाबरायचं कारण नाही.

अजून एक, हे सगळं खान्देशापुरतं आणि पश्चिम महाराष्ट्र-कोकणापुरतं. मुक्ताईनगरहून मलकापूरला गेलात की विदर्भाचा वेगळा कुळकायदा लागतो, अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडला गेलात की हैदराबादचा. घाटाच्या वरच्या पाहुण्याने सांगितलेली तारीख आपल्या जमिनीला लावू नका, आमच्याकडे एकाच्या सोयरीकीत यावरून वाद झालेत.

साहेब गप्प बसले तर हो की नाही?

डीम्डचा दुसरा मोठा उपयोग गप्प बसणाऱ्यांवर होतो. अर्ज केला, उत्तरच नाही. आता या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा? बरेच जण समजतात की मुदत संपली म्हणजे मंजूर. सावकाश. प्रत्येक कायद्याने वेगळं ठरवलंय.

सहकारी सोसायटीत मेंबर व्हायला अर्ज दिला आणि तीन महिन्यांत त्यांनी काहीच कळवलं नाही, तर तुम्ही मेंबर झालात असं मानलं जातं. गप्प म्हणजे हो. पण माहिती अधिकारात, २००५ च्या कायद्यात, ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर अर्ज नाकारला असं मानतात. गप्प म्हणजे नाही. ऐकून राग येतो, की काम त्याने केलं नाही आणि नकार माझ्या माथी. पण विचार केला तर हा नकार तुमच्याच फायद्याचा आहे, कारण नकार मिळाल्याशिवाय अपील करता येत नाही, आणि साहेबाने नकारही लिहून दिला नाही तर तुम्ही कायमचे लटकले असते. कायद्याने त्याच्या वतीने नकार देऊन टाकला, आता पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाका. वर मुदत चुकली म्हणून माहितीचे पैसेही लागत नाहीत, हे फार लोकांना माहीत नसतं आणि ऑफिसातले सांगतही नाहीत.

फ्लॅटवाल्यांचं डीम्ड कन्व्हेयन्स ह्याच जातीचं. सोसायटी रजिस्टर झाल्यापासून साधारण चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. तो देत नाही, कारण एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण, वाढलं तर वरचा मजला त्यालाच हवा असतो. तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे जाते, ते बिल्डरला नोटीस काढून सुनावणी घेतात आणि त्याने सही नाही केली तरी हस्तांतरण करून देतात.

चेक बाऊन्सवाल्यांची ट्रिक

कापसाच्या आणि केळीच्या व्यवहारात चेक फिरतात आणि परतही येतात. चेक परत आला की ३० दिवसांत नोटीस पाठवायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने पैसे द्यायचे, नाही दिले तर गुन्हा. चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची भाषाच अशी आहे की त्याने गुन्हा केला असे 'मानले जाईल'. नुसता चेक परत येणं हा दगाफटकाच असतो असं नाही, कधी खरंच व्यापाऱ्याचा पैसा अडकलेला असतो, म्हणून कायद्याने त्याच्या मनात काय होतं हे शोधायच्या भानगडीत न पडता सरळ मानून टाकलं.

मग हुशार लोकांनी युक्ती काढली, नोटीसच घ्यायची नाही. पोस्टमन आला की घरातून निरोप, मालक सुरतला गेले. पाकीट परत जातं, त्यावर शेरा, 'घेण्यास नकार' किंवा 'घर बंद'. पण १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आधीच लिहून ठेवलंय, बरोबर पत्ता, पुरेसं तिकीट आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं तर ते पोहोचलं असं मानायचं. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये चेकच्या केसमध्ये हेच पक्कं केलं आणि वर सांगितलं की नोटीस मिळालीच नाही म्हणतोस ना, मग कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भर. इतकं साधं.

मग पुरावा देऊन डीम्ड उडवता येतं का?

ही शंका रास्त आहे. इथे दोन जवळचे शब्द वेगळे करावे लागतात. एक आहे अनुमान, म्हणजे प्रिझम्प्शन. माणूस सात वर्षं बेपत्ता, जवळच्यांना खबर नाही, तर कोर्ट तो वारला असं अनुमान करतं. पण आठव्या वर्षी तो भुसावळ स्टेशनवर उतरून घरी आला तर अनुमान तिथेच संपलं. डीम्डचं तसं नाही, तिथे उलटा पुरावा असतोच, तो कायद्याला आधीच माहीत असतो. १९५७ ला मी खरेदी दिलीच नव्हती असं मालकाने कितीही शपथेवर सांगितलं तरी उपयोग नाही, दिली नव्हती म्हणूनच तर मानायची वेळ आली.

पण कायद्याने स्वतः खिडकी ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. पोस्टाच्या त्या नियमात 'विरुद्ध सिद्ध न झाल्यास' असे शब्द आहेत, त्यामुळे तिथे पुरावा देता येतो. म्हणून शब्द एकच असला तरी पुढचे-मागचे शब्द वाचावे लागतात.

सरकारी कर्मचाऱ्याचं मानीव निलंबनही असंच पाहा. पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त राहिला तर अटकेच्या तारखेपासून निलंबित मानतात. त्याने लाच घेतली हे मानलेलं नाही हं, फक्त निलंबन मानलंय, तेवढ्यापुरतंच. ऑर्डर उशिरा निघाली तरी तारीख मागची, हे वाचून लोक म्हणतात बॅकडेटेड केलं. नाही, ती तारीख नियमानेच ठरलेली होती.

आता आप्पांचं

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६ च्या कायद्यात कलम ३ आहे. एखादी संस्था विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या कायद्याने युनिव्हर्सिटी म्हणून जन्मलेली नाही, पण तिचं काम त्या दर्जाचं आहे, तर यूजीसीच्या सल्ल्याने केंद्र सरकार अधिसूचना काढून तिला युनिव्हर्सिटी मानतं. बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९५८ पासून अशी डीम्डच आहे, तिला डुप्लिकेट म्हणायची हिंमत करून बघा. आपल्या शिरपूरला ज्यांचा कॅम्पस आहे ते एनएमआयएमएसही डीम्डच आहे. डीम्ड असली की ती स्वतःच्या नावाने डिग्री देऊ शकते आणि ती डिग्री वैध असते.

फक्त युनिव्हर्सिटी मानली म्हणजे नावातही युनिव्हर्सिटी लावायची का, यावर गडबड झाली. काही डीम्ड संस्थांनी पत्राद्वारे इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टाने त्यातला मुळातला परवाना चुकीचा धरला आणि 'युनिव्हर्सिटी' शब्द वापरायलाही मनाई करायला सांगितलं. म्हणून कंसात बारीक अक्षरात 'डीम्ड टू बी'. त्यामुळे आप्पा, ॲडमिशनआधी 'डीम्ड आहे का' एवढंच विचारू नका, तो कोर्स मंजूर आहे का आणि मंजुरीत हा कॅम्पस येतो का, ते यूजीसीच्या वेबसाइटवर बघा. दर्जाचं म्हणाल तर डीम्डमध्ये एक नंबरच्याही आहेत आणि नुसती फी घेणाऱ्याही आहेत, शब्दावरून काही कळत नाही.

मग सगळंच मानून टाकलं तर कोर्ट कशाला?

कारण मानायचं कोणी, हा प्रश्न उरतोच, आणि तो २०२५ मध्ये देशभर गाजला. तमिळनाडूच्या विधानसभेने पास केलेली दहा बिलं राज्यपालांकडे अडकली होती. ८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ती बिलं राज्यपालांनी मंजूर केली असं मानलं जाईल, असा निकाल दिला, घटनेच्या कलम १४२ मधला खास अधिकार वापरून. काहींना आनंद झाला, काहींनी कपाळाला हात लावला, की उद्या कोर्ट कोणाच्याही वतीने सही झाली असं मानणार का? मग राष्ट्रपतींनी कोर्टाचंच मत मागवलं. २० नोव्हेंबर २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यपालांना कोर्ट ठराविक दिवसांची मुदत घालून देऊ शकत नाही, आणि अशी मानीव मंजुरी घटनेत बसत नाही, ते एकाचं काम दुसऱ्याने स्वतःकडे घेण्यासारखं आहे.

पण घटनेत हा शब्द नाहीच असं नाही. धनविधेयक राज्यसभेकडे गेलं आणि १४ दिवसांत परत आलं नाही तर ते दोन्ही सभागृहांनी पास केलं असं मानतात, कलम १०९. आपल्या विधान परिषदेलाही धनविधेयकाला हीच १४ दिवसांची मुदत आहे, कलम १९८. राज्यपालांचं कलम २०० मात्र उघडलं तर त्यात आहे फक्त 'शक्य तितक्या लवकर'. घटना लिहिणाऱ्यांनी एका ठिकाणी दिवस मोजून दिले आणि 'मानलं जाईल' लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी दिवसही दिले नाहीत आणि तो शब्दही टाकला नाही, आणि तो तिथे आपल्या हाताने टाकायला घटनापीठाने नकार दिला.